दुसऱ्या वळणावरचा फुगवटा

मास्तरांना रीतसर नाव होतं, पण ते हजेरीच्या पुस्तकातच पडून असायचं. शाळेत सगळे त्यांना तोंडावर मास्तर आणि पाठीमागे फक्की म्हणत. फक्की म्हणजे मैदान आखायची चुन्याची पांढरी पूड. ती त्यांच्या पँटच्या कडांना, नखांत, बुटांच्या शिवणीत आणि भुवयांवरसुद्धा बारा महिने असायची. मास्तर शिंकले की एक लेन आखून होते, असं मुलं म्हणायची, आणि मुलांचं सगळंच काही खोटं नसतं.

शिकवायला ते यथातथाच होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कवायत म्हणजे शिट्टी, खेळ म्हणजे पळणं, आणि शंका विचारणाऱ्याला मैदानाची एक फेरी, एवढ्यावर त्यांची सगळी नोकरी निभावली. पण मैदान आखावं तर मास्तरांनीच. वार्षिक खेळांच्या आधी ते तळाला भोकं पाडलेला पत्र्याचा डबा घेऊन निघायचे आणि मान खाली घालून, ओठ मिटून, मैदानभर फिरायचे. अशा वेळी मुख्याध्यापकांनी हाक मारली तरी मान वर होत नसे. रेघ संपली की मगच त्यांना ऐकू यायचं.

इतकं असून त्या आखणीत एक व्यंग होतं. धावपट्टीच्या दुसऱ्या वळणावर रेघ एका जागी बाहेरच्या बाजूला फुगली होती, गालात गोळी धरल्यासारखी.

त्याचं असं झालं होतं. मास्तरांचं नुकतंच लग्न झालेलं. शाळेला सुट्टी, हाताखाली कुणी नाही, आणि जमीन इतकी टणक की वळणाच्या मध्याशी ठोकायची खुंटी वाकून गेली, पण आत शिरेना. तेवढ्यात बायको जेवणाचा डबा घेऊन आली. मास्तरांनी डबा बाजूला ठेवला, तिलाच खुंटीच्या जागी उभं केलं, तिच्या हातात दोरीचं टोक दिलं आणि सांगितलं, "हलायचं नाही." दुसरं टोक स्वतः ताणून धरून ते फक्की सोडत गेले. वळण पुरं करून मागे पाहतात तर मध्येच हा फुगवटा.

"तू दोरी ढिली सोडलीस," मास्तर म्हणाले.

"मी नाही सोडली," बायको म्हणाली.

संसारातलं ते पहिलं भांडण, आणि त्याचा निकाल कधी लागला नाही. त्या वर्षी पुसून पुन्हा आखायला वेळ नव्हता. पुढच्या वर्षी जुन्या रेघेची खूण जमिनीवर दिसतच होती, कारण रेघेवर गवताचं पातंही उगवत नसे, आणि त्याचा मास्तरांना अभिमान होता. त्यांनी त्या खुणेवरूनच फक्कीचा डबा फिरवला. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच केलं. नव्याने दोरी लावायचा कंटाळा, दुसरं काय! एखाद्या पालकाने हटकलंच तर ते म्हणायचे, "वाकडं आहे, पण सगळ्यांना सारखंच वाकडं आहे." शाळेतून पळून गेलेल्या, म्हणजे पळत मोठ्या झालेल्या, सगळ्या मुलांना दुसऱ्या वळणावर जरा बाहेर जायची सवय लागली होती.

मग जुने मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मोठ्या बाई आल्या. पहिला महिनाभर त्यांनी काहीच बदललं नाही. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. मैदान तव्यासारखं तापायचं. चारदोन दांडगी मुलं चेंडू घेऊन सगळं मैदान बळकावून बसायची, आणि बाकीची भिंतीलगतच्या पट्टीभर सावलीत पाठ टेकून घंटेची वाट बघायची. औषधाच्या पेटीपाशी फुटलेल्या गुडघ्यांची रांग रोजचीच. हे सगळं मास्तरांच्याही डोळ्यांसमोर होतं. पण रोजचं दिसतं ते कुठे दिसतं!

मोठ्या बाईंना साथ मिळाली विज्ञानाच्या बाईंची. त्यांना मुलं किडेवाल्या बाई म्हणत, कारण त्यांच्या पर्समध्ये काडेपेटी असायची आणि काडेपेटीत कुणीतरी असायचं. दोघींनी मिळून बेत केला, की हे मैदान मोडायचं. मातीचे उंचवटे करायचे, झुडपं लावायची, जाड ओंडके आडवे टाकायचे, एका कोपऱ्यात उथळ तळं खणायचं, आणि गोलाकार दगड मांडून त्यावर वर्ग भरवायचा. सावली मोजून गणित शिकायचं, गांडूळ चित्रात न बघता मातीत बघायचं. आणि पळण्यासाठी आठवड्यातून एकदा रस्त्यापलीकडच्या सार्वजनिक मैदानावर जायचं.

शिक्षकांच्या सभेत मास्तर तडक उभे राहिले. "आणि मुलांनी पळायचं कुठे? झाडावर?"

दोघंतिघं हसले. मास्तरांना वाटलं, बाजी मारली. त्या भरात ते आणखी एक वाक्य बोलून गेले. "वर्षभरात सगळं वाळून जाईल. तेव्हा मला बोलवा, मी पुन्हा आखून देईन."

शाळेचे अध्यक्ष पाण्यात उतरावं पण पाय भिजू नयेत अशा वळणाचे होते. त्यांनी मधला मार्ग काढला. "एक वर्ष बघू. रोपांनी जीव धरला तर उत्तम. नाहीतर सगळं सपाट करून मैदान मास्तरांच्या हवाली."

मास्तरांनी ते वाक्य मनात गाठ मारून ठेवलं. त्यांची नोकरी संपत आली होती. शेवटचे खेळ आपल्या मैदानावर, आपल्या रेघांवर व्हावेत, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. आणि ती आता रोपांच्या मरण्यावर अवलंबून होती. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

मातीच्या गाड्या आल्या. जुन्या जमिनीवर वीतभर नवी माती पसरली आणि पांढऱ्या रेघा तिच्याखाली गेल्या. मुलांनी रोपं लावली ती कशीही, जिथे मन जाईल तिथे. "जंगलाला ओळ नसते," किडेवाल्या बाई म्हणाल्या. मास्तर कडेला उभे राहून ती बेशिस्त बघत होते. एकदा तर न राहवून त्यांनी शिट्टी मारली. मुलांनी हातातली रोपं टाकून सावधान केलं, आणि मोठ्या बाईंनी मास्तरांकडे अशा नजरेने पाहिलं की शिट्टी खिशात गेली ती बरेच दिवस बाहेर आली नाही.

सुरुवातीचे महिने रोपं तरारली. भिंतीला टेकून उभी राहणारी मुलं आता ओंडक्यांवर बसून डबा खायला लागली. तळ्यात बेडकाची पिल्लं आली तेव्हा अख्ख्या शाळेचा अभ्यास एक दिवस बुडाला. मास्तर वरवर नाक मुरडत होते. तळ्याकडे मात्र दिवसातून एकदा चक्कर असायची, पण ती शाळेचं फाटक त्या बाजूला आहे म्हणून, असं ते म्हणत.

आणि मग रोपं पिवळी पडायला लागली.

सगळी नाही. एखादं हिरवंगार, तर त्याच्या शेजारचं पिवळं. माळ्याने पाणी वाढवलं, मग कमी केलं, मग औषध फवारलं. पिवळं ते पिवळंच. अखेर किडेवाल्या बाईंनी एक पान उजेडात धरलं. पान पिवळं, पण शिरा हिरव्या. त्यांनी ओळखलं, की मुळांना चुना लागतोय.

आता चुना म्हटल्यावर बोट कुणाकडे जाणार? कोठीत फक्कीची पोती कुणाची? 'वर्षभरात वाळेल' असं भर सभेत कोण म्हणालं होतं? शिक्षकांच्या खोलीत मास्तर शिरले की बोलणी मध्येच थांबायची आणि कुणालातरी एकदम वह्या तपासायची आठवण यायची. मुलांनी तर गोष्ट पूर्ण रचून टाकली होती. त्यात मास्तर अंधारात भिंतीवरून उडी मारून येत होते. मास्तरांच्या गुडघ्यांची अवस्था ज्याला ठाऊक आहे त्याला हसूच आलं असतं. पण हसलं कुणी नाही, आणि मास्तरांना तेच लागलं.

किडेवाल्या बाई पाठीमागे बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या सरळ कोठीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "मास्तर, स्पष्टच विचारते. रोपांना चुना घातलात का तुम्ही?"

"मी?" मास्तरांचा आवाज चिरकला. "बाई, या वर्षात मी एक पोतं उघडलेलं नाही. जाऊन बघा आत."

"बघितलीत. सगळी शिवलेली आहेत." बाई जरा ओशाळल्या. "म्हणूनच विचारायला आले. मला दुसरं काही सुचतच नाहीये."

"नाही घातला," मास्तर म्हणाले. "माझ्या मुलीची शपथ. आणखी काही?"

बाई 'माफ करा' म्हणून गेल्या. मास्तरांनी त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच घरी नेला. इतकी वर्षं इमानाने काढून शेवटी पदरात काय पडलं, तर रोपं मारणारा म्हणून नाव! त्यांना मनस्वी वाईट वाटलं, आणि रागही आला. बरं झालं, वाळू देत सगळी, असंही मनात येऊन गेलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत भूगोलाचे सर आजारी पडले आणि त्यांचा तास मास्तरांवर आला. वर्ग वरच्या मजल्यावर. मास्तर हा खालचा माणूस. वरच्या मजल्यावर ते वर्षातून एकदा, तेही परीक्षेच्या पाळीला चढायचे. मुलांना नकाशा काढायला सांगून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

खाली सगळी झुडपं दिसत होती, आणि त्यांत इकडे तिकडे विखुरलेली पिवळी रोपं. इतरांनी या खिडकीतून हेच पाहिलं होतं. मास्तरही तेच पाहत होते. मग त्यांची नजर सवयीने एका पिवळ्यावरून दुसऱ्यावर गेली, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, आणि थांबेना. फाटकापासून सरळ. तळ्यापाशी वळण. पुन्हा सरळ, पुन्हा वळण. आणि त्या दुसऱ्या वळणावर, ओंडक्यांच्या पलीकडे, तीन पिवळी रोपं बाकीच्यांना सोडून जरा बाहेर उभी होती.

मास्तरांनी खिडकीचा गज धरला. ती आपलीच रेघ आहे, हे जगात फक्त दोन माणसांना कळलं असतं, आणि त्यातलं एक आत्ता घरी असणार होतं.

वरच्या वीतभर नव्या मातीत रोपं खुशाल वाढली. मुळं खाली उतरली तशी ती फक्कीला जाऊन भिडली. वर्षानुवर्षं त्याच जागी, थरावर थर, मास्तरांनी अंथरलेली फक्की. रेघेवर गवत उगवत नाही म्हणून मिरवलं होतं ना? ते हे.

"सर, कागद संपला," कुणीतरी म्हणालं. मास्तरांना ऐकू आलं नाही.

त्या दिवशी घरी ते जेवायला बसले आणि नुसता घास चिवडत राहिले. बायकोने थोडा वेळ वाट पाहिली. तिच्यापाशी धीर होता, पण त्याला हद्द होती.

"काय झालंय ते सांगता, की ताट उचलू?"

मास्तरांनी सांगितलं. खिडकी, पिवळी रोपं, वळण, सगळं.

"अहो, मग शाळेत सांगून टाका ना."

"सांगितलं तर मैदान गेलं. चुना खणून काढतील, झाडं जगतील. संपलं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"परवा अध्यक्ष येतायत बघायला. एवढी रोपं पिवळी दिसली की सपाट करायला सांगतील. मैदान परत आपलं."

"वा! म्हणजे आनंदाचीच गोष्ट की. मग जेवत का नाही?"

मास्तरांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"आणि तो फुगवटा?" तिने विचारलं. "तोही दिसतो?"

"सगळ्यात पिवळा तोच."

बायको हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही. तिने त्यांच्या ताटात गरम भाजी वाढली आणि म्हणाली, "तुम्हाला शपथ खायची काय गरज होती हो? तीही पोरीची."

मास्तरांनी ताट बाजूला सारलं. बाईंनी विचारलं तेव्हा ते खोटं बोलले नव्हते. पण आता गप्प बसले तर ते खोटं होणार होतं, मागच्या तारखेपासून.

अध्यक्ष आले. पिवळ्या रोपांमधून फिरले, रुमालाने बूट झटकले आणि मोठ्या बाईंना म्हणाले, "बाई, तुमची तळमळ कळते, पण हे काही धरत नाहीये. आता मास्तरांना..."

"चुना मी घातलाय," मास्तर म्हणाले.

माळ्याच्या हातातली झारी गळतच राहिली. किडेवाल्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

"या वर्षी नाही. लग्न झालं त्या वर्षापासून, दर वर्षी. धावपट्टीच्या रेघेवर." त्यांचा आवाज नेहमीच्या निम्म्यानेही नव्हता. "बाई, तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हणालो. ते चुकीचं होतं. मला ठाऊक नव्हतं, एवढंच. पिवळी आहेत ती सगळी माझ्या रेघेवरची आहेत. रेघ सोडून एकही नाही. हवं तर खणून बघा."

माळ्याने एका पिवळ्या रोपाशी कुदळ घातली. नव्या मातीखाली पांढरा, दगडासारखा कडक पापुद्रा लागला. किडेवाल्या बाई खाली बसल्या, तो पापुद्रा नखाने खरवडून पाहिला, आणि बसल्या बसल्याच मास्तरांकडे वर बघून म्हणाल्या, "मास्तर, मी पोती बघत बसले. मैदानाचा विचार मलाही सुचायला हवा होता."

"तुम्ही नवीन, बाई. मी जुना," मास्तर म्हणाले.

अध्यक्षांना अजून भिजायचं नव्हतं. "पण म्हणजे अख्खं मैदान खणायचं का?"

"अख्खं कशाला? रेघ तेवढीच. मी दाखवतो."

आणि मग मास्तरांनी आपलं मैदान शेवटचं आखलं. फक्कीने नाही, दोरी आणि काटक्यांनी. खाली मान घालून, ओठ मिटून, उंचवट्यांना वळसे घालत आणि तळ्याच्या काठाकाठाने ते फिरले. त्यांच्यामागून मुलं कुदळी, फावडी आणि घमेली घेऊन निघाली. रोपं अलगद काढून ठेवायची, पांढरं खणून गाडीत टाकायचं, खड्ड्यात कुजलेल्या पालापाचोळ्याची काळी माती भरायची, आणि रोप परत बसवायचं. मोठ्या बाईंनी स्वतः येऊन सांगितलं, "मास्तर, शिट्टी काढा." मग काय विचारता! एका शिट्टीला कुदळ वर, दुसरीला खाली. तेवढं काम मुलांनी कवायतीच्या तासाला जन्मात केलं नव्हतं. दोन वेळा मास्तरांना कोठीमागे जाऊन डोळे पुसावे लागले. धूळ गेली, असं ते म्हणाले. धूळ होतीच म्हणा भरपूर.

अध्यक्षांनी आणखी एक वर्ष दिलं. मास्तरांचे शेवटचे खेळ रस्त्यापलीकडच्या मैदानावर झाले. तिथल्या रेघा दुसऱ्याच कुणीतरी आखलेल्या होत्या, आणि त्या सरळ होत्या.

निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना मास्तर घरी जेवणाचा डबा विसरले आणि बायको तो घेऊन शाळेत आली. मास्तर वरच्या मजल्यावर बदलीच्या तासाला होते. आताशा ते तास ते मागून घ्यायचे. तास संपून वर्ग रिकामा झाला होता. त्यांनी तिला खिडकीशी बोलावलं.

"बघ."

खाली सगळीकडे हिरवं होतं, पण एका पट्ट्यात ते जास्त दाट आणि गर्द होतं. खणून भरलेल्या काळ्या मातीने आपलं काम चोख केलं होतं. जी रोपं सगळ्यात मरतुकडी होती तीच आता सगळ्यांना मागे टाकून गेली होती. फाटकापासून सरळ, तळ्यापाशी वळण, पुन्हा सरळ. त्या दाट झुडपांच्या कडेने मुलांच्या पायांनी आपोआप एक वाट पडली होती, आणि मधल्या सुट्टीत लहान मुलं तिच्यावरून एकामागून एक पळत सुटली होती. त्यांना कुणी शिट्टी मारली नव्हती. दुसऱ्या वळणावर आली की प्रत्येक जण जरा बाहेर जाऊन पुन्हा आत येत होता.

"अजून वाकडीच आहे," बायको म्हणाली.

"दोरी ढिली कुणी सोडली होती?"

"मी ढिली सोडली नव्हती. किती वेळा सांगू?" ती खिडकीतून खालीच बघत होती. "मी एक पाऊल पुढे आले होते, मग परत मागे सरले. तुम्ही दोरी ताणून धरलेलीच होतीत, म्हणून कळलं नाही तुम्हाला."

"का? हलू नको म्हणून सांगितलं होतं ना तुला?"

"लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. नवी साडी नेसून, डबा घेऊन, एवढ्या उन्हात चालत आले होते. तुम्ही मला खुंटीसारखं उभं केलंत आणि मान खाली घालून निघालात ते निघालातच. म्हटलं, एक पाऊल पुढे जावं, म्हणजे तरी वर बघाल."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. "मग हे कधी बोलली का नाहीस?"

"त्या वर्षी रागावले होते म्हणून," बायको म्हणाली. "पण पुढच्या वर्षी तुम्ही तो फुगवटा तसाच ठेवलात. त्याच्या पुढच्या वर्षीही. दर वर्षी. मला वाटलं, तुम्हाला कळलंय."

मास्तरांनी तिच्या हातातून डब्याची पिशवी घेतली. मग दोघं जिना उतरून खाली गेले आणि त्या वळणावरच्या ओंडक्यावर बसून एका डब्यात जेवले.